पाठविले म्हणजे पोचले काय?

संगणकयुगातील कार्यालयीन पत्रव्यवहाराविषयी थोडेसे

नोकरीत नव्याने लागलेल्या आपल्या मुलामुलींना उपयोगी पडेल असे काही स्मरणिकेसाठी लिहा, असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळच केली. आम्ही बँकेतले लिपिक, कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्र आम्ही शिकलेलो नाही आणि व्यवस्थापनाचे मोठमोठे ग्रंथही वाचलेले नाहीत. परंतु गेली अठरा-एकोणीस वर्षे काउंटरच्या एका बाजूस ग्राहक व दुसऱ्या बाजूस साहेब यांच्यामध्ये बसून आम्ही एक गोष्ट नित्य पाहत आलो आहोत. ती अशी की, कार्यालयातील निम्म्याहून अधिक भांडणे कामाची नसतात, निरोपाची असतात. 'मी पाठविले होते', 'मला मिळालेच नाही', 'मिळाले, पण मला वाटले ते दुसऱ्यासाठी आहे'. ही तीन वाक्ये आमच्या कानांवर इतक्या वेळा पडली आहेत की त्यांच्यावरच लिहावे असे ठरविले.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा शाखेत संगणक येऊन बसले होते, तरी आवक-जावक रजिस्टर चालूच होते. पत्र निघाले की जावक क्रमांक पडे. मग शिपाईकाका पिऊन बुकात नोंद करून ते घेऊन जात आणि पलीकडच्या कार्यालयात कोणाची तरी सही, तारीख व वेळ घेऊन परत येत. पत्राची स्थळप्रत आपल्या फायलीत राही. त्या वेळी आम्हांस हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. आज मात्र त्यातील शहाणपण कळते. जावक क्रमांक म्हणजे 'पाठविले' आणि पिऊन बुकातील सही म्हणजे 'पोचले'. या दोन वेगवेगळ्या घटना आहेत हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्यांच्यासाठी दोन वेगळ्या वह्या केल्या. संगणकाने या दोन्ही गोष्टी एका कळीखाली आणल्या. कळ दाबली की आपले काम संपले, असे मनाला वाटू लागले. सगळी गफलत येथून सुरू होते.

ई-मेलचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला संदेश पाठविण्याची सोय केली व माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दिसावे म्हणून मध्ये ॲट हे चिन्ह घातले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्यानंतर जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. तारेचा उल्लेख मुद्दाम करीत आहोत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे माणूस लिहिण्यापूर्वी विचार करी. ई-मेलला शब्दांचे पैसे पडत नाहीत. पडले असते तर आमच्या इनबॉक्सातील तीन चतुर्थांश मजकूर आलाच नसता!

आता आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. सांगावयास संकोच वाटतो, पण त्याशिवाय मुद्दा स्पष्ट व्हावयाचा नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या हे सर्वांना आठवत असेल. त्यानंतरचे पन्नास दिवस बँकेत ज्यांनी काढले त्यांनाच ते दिवस ठाऊक. परिपत्रकामागून परिपत्रक येत होते. १९ डिसेंबर रोजी, सोमवारी, रिझर्व्ह बँकेचा आदेश आला की, पाच हजारांपेक्षा जास्त रकमेच्या जुन्या नोटा ३० डिसेंबरपर्यंत एका खात्यात एकदाच भरता येतील. आणि या नोटा आधी का भरल्या नाहीत हे किमान दोन अधिकाऱ्यांसमक्ष विचारून त्याची नोंद ठेवावी लागेल. लोक चिडले, वर्तमानपत्रांत टीका झाली आणि २१ तारखेला, म्हणजे दोनच दिवसांनी, केवायसी पूर्ण असलेल्या खात्यांपुरता हा आदेश मागे घेण्यात आला.

२२ तारखेला सकाळी आमच्या काउंटरवर एक भाजीवाल्या मावशी आल्या. पदरात जुन्या पाचशेच्या सतरा नोटा, म्हणजे साडेआठ हजार रुपये. खाते चांगले, कागदपत्रे पूर्ण. आम्ही म्हणालो, "मावशी, दोन साहेबांसमोर कारण सांगावं लागेल. एक साहेब आज बाहेर आहेत. उद्या या." त्या म्हणाल्या, "अहो दादा, काल रात्री टीव्हीवर सांगितलं, आता काही विचारणार नाहीत म्हणून. तुम्हाला बँकेत असून कसं ठाऊक नाही?" आम्ही जरा चढ्या आवाजातच सांगितले की, बँक टीव्हीवर चालत नाही. मावशी निमूटपणे गेल्या. पाठीमागे रांग इतकी होती की त्यांच्याकडे पाहावयासही आम्हांस सवड झाली नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी आम्ही ई-मेल उघडला. वरिष्ठ कार्यालयाचे पत्र आदल्या संध्याकाळीच आले होते. विषयाच्या जागी एकच शब्द होता, 'परिपत्रक'. मजकुरात 'सोबत जोडले आहे, माहितीसाठी' एवढेच. जोडपत्र उघडून पाहिल्यावर कळले की मावशींचे म्हणणे बरोबर होते. शाखेच्या व्हॉट्सॲप गटावरही तेच पत्र रात्री आले होते. त्यापाठोपाठ एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, केकचे चित्र व सकाळचे सुप्रभात. गटाचा आवाज आम्ही महिन्यापूर्वीच बंद करून ठेवला होता.

मावशी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा आल्या. सकाळचा बाजार बुडवून दोन दिवस त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी "असू द्या दादा" म्हटले, पण पावती घेताना दोनदा वाचून घेतली.

या प्रकरणात पाठविणाऱ्याने पाठविले होते. यंत्राने पोचविले होते. तरीसुद्धा निरोप ज्या माणसापर्यंत जावयास हवा होता, त्याच्यापर्यंत तो गेला नव्हता. दोष आमचा होता, तो आम्ही नाकारीत नाही. परंतु ते पत्र लिहिणाऱ्याने विषयाच्या जागी 'जुन्या नोटा : ५,००० वरील चौकशीची अट आजपासून रद्द, केवायसी पूर्ण खात्यांसाठी' असे लिहिले असते, तर पत्र न उघडताही आम्हांस कळले असते.

मराठी शाळेत पत्रलेखन शिकताना गुरुजींनी 'विषय' व 'संदर्भ' या दोन ओळी आपल्याकडून घोटवून घेतल्या होत्या. तेव्हा त्या केवळ गुणांसाठी लिहिल्या जात. ई-मेलमध्ये त्याच दोन ओळी पत्राचा प्राण होत. दिवसाला शंभर पत्रे येणारा अधिकारी शंभरही विषय वाचतो, पत्रे मात्र वीसच वाचतो. म्हणून 'विनंती', 'महत्त्वाचे', 'तातडीचे' हे विषय नव्हेत, त्या नुसत्या हाका आहेत. कशाची विनंती, कोणते खाते, केव्हापर्यंत, हे विषयात आले पाहिजे. आणि मूळ विषय संपून गोष्ट दुसरीकडे वळली की जुन्याच पत्राखाली नवे लिहीत न जाता नवीन पत्र सुरू करावे. 'पंखा दुरुस्ती' या विषयाखाली एका कर्मचाऱ्याच्या रजेचा निर्णय दडलेला आम्ही पाहिला आहे. तो शोधावयास अर्धा दिवस लागला.

मजकुराविषयी आमचा अनुभव असा की, जे हवे आहे ते पहिल्या दोन वाक्यांत सांगावे आणि इतिहास त्यानंतर लिहावा. आपल्याकडे पद्धत उलटी आहे. आपण आधी पार्श्वभूमी सांगतो, मग अडचणी, मग दिलगिरी, आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असे म्हणून मोकळे होतो. योग्य ती म्हणजे कोणती? कोणी करावयाची? इंग्रजीतही आमचे सहकारी 'डू द नीडफुल' लिहून हीच पळवाट काढतात. आम्ही आता असे लिहितो: 'अमुक खात्यावरील पत्ता बदलण्यास आपली मंजुरी हवी आहे. ग्राहकाचा अर्ज सोबत आहे. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत मंजुरी मिळाल्यास शुक्रवारी नवे चेकबुक रवाना करता येईल.' तीन वाक्ये आहेत. साहेबांना उत्तर द्यावयास एक शब्द पुरतो.

पत्र कोणाला पाठवावे याचेही एक शास्त्र आहे. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये काळा कार्बन घालून जी दुसरी प्रत निघे, तिचे हे नाव. कार्बन निघून गेला, नाव राहिले. ज्याने काम करावयाचे त्याचे नाव मुख्य जागी आणि ज्याला केवळ माहीत असावयाचे त्याचे सीसीत, हा साधा नियम. पाच जणांची नावे मुख्य जागी घातली की प्रत्येकाला वाटते, उरलेल्या चौघांपैकी कोणीतरी करील. शिवाय आमच्याकडे सीसीचा उपयोग शस्त्रासारखा होतो. सहकाऱ्याला साधी आठवण करावयाची असली तरी साहेबांना प्रत! त्या दिवसापासून तो सहकारी आपल्याशी कामापुरतेच बोलतो. आमचे मत असे की, पहिली आठवण एकट्याला द्यावी, शक्य तर त्याच्या टेबलाशी जाऊन. अनेक ग्राहकांना एकच पत्र धाडावयाचे असेल तेव्हा मात्र बीसीसी वापरावी, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. ही गोष्ट पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांनाही ठाऊक नसते.

कायदा याविषयी काय म्हणतो ते पाहणे मनोरंजक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला व त्याच्या कलम ४ ने संगणकीय नोंदीला कागदावरील लेखनाचा दर्जा दिला. कलम १३ मध्ये आमच्या जुन्या पिऊन बुकाचीच आठवण व्हावी असा विचार आहे. दोन्ही पक्षांनी वेगळे ठरविले नसेल तर, संदेश पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की तो रवाना झाला असे समजावयाचे. आणि घेणाऱ्याने जो पत्ता ठरवून दिलेला असेल तेथे तो शिरला की पोचला असे समजावयाचे, मग त्याने वाचो वा न वाचो. मात्र ठरविलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठविला, तर त्याने तो प्रत्यक्ष काढून घेईपर्यंत पोचला असे होत नाही. पोच मिळाल्यावरच संदेश बंधनकारक होईल अशी अट घातली असेल व पोच आली नाही, तर कलम १२ प्रमाणे तो पाठविलाच नव्हता असे धरतात. तेव्हा साहेबांच्या खाजगी पत्त्यावर रजेचा अर्ज धाडून निश्चिंत झोपणाऱ्यांनी हे कलम एकदा डोळ्यांखालून घालावे.

आता व्हॉट्सॲपकडे वळू. आज लहान-मोठ्या सर्व कार्यालयांत निम्मे हुकूम याच मार्गाने येतात. त्याची सोय आम्ही नाकारीत नाही. 'मी दहा मिनिटांत पोचतो' यासाठी ई-मेल कोण लिहील? पण हुकूम ही गोष्ट वेगळी आहे. युनियनचे थोडेफार काम आम्ही करतो, त्या निमित्ताने २०२३ सालची एक हकीकत आमच्यासमोर आली. दुसऱ्या एका शाखेतील एक तरुण लिपिक, नोकरीला वर्षही झाले नव्हते. घरातील पहिलाच बँकेत लागलेला. शनिवारी सायंकाळी त्याला वरिष्ठांचा संदेश आला की, अमक्या कर्जाची कागदपत्रे सोमवारी पुढे पाठव, हमीपत्र मागाहून येईल. त्याने पाठविली. हमीपत्र आलेच नाही. सहा महिन्यांनी तपासणीत ते निघाले आणि मुलाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. हमीपत्राविना फाइल कोणाच्या सांगण्यावरून पाठविली?

मुलाने फोन उघडून दाखविला. त्या शनिवारच्या जागी 'हा संदेश हटविण्यात आला आहे' एवढीच ओळ होती. पाठविलेला संदेश सर्वांच्या फोनवरून पुसण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१७ साली आणली. तेव्हा त्यासाठी सातच मिनिटांची मुदत होती, २०२२ पासून ती अडीच दिवसांच्या आसपास आहे. शनिवारी सायंकाळी दिलेला हुकूम सोमवारी रात्रीही परत घेता येतो, याचा अर्थ वाचकांनी लक्षात घ्यावा. २०२३ पासून तर पाठविलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलताही येतो.

त्या मुलाचे उत्तर लिहावयास आम्ही त्याच्याबरोबर बसलो तेव्हा खरे सांगावयाचे तर आम्हांसही काही सुचत नव्हते. घरी आई-वडील दोघेही अन्न गोड न लागता बसलेले. मग तो भीत भीत म्हणाला, "सर, मी त्या सोमवारी एक मेल केला होता. चालेल का?" आम्ही पाहिले. सकाळी १० वाजून २० मिनिटांनी कार्यालयीन पत्त्यावरून साहेबांच्या कार्यालयीन पत्त्यावर दोन ओळी: 'शनिवारी सायंकाळी आपण व्हॉट्सॲपवर दिलेल्या सूचनेप्रमाणे अमुक कर्जाची कागदपत्रे आज पुढे पाठवीत आहे. हमीपत्र मागाहून येणार असल्याची नोंद घेतली आहे. यात काही बदल असल्यास कृपया कळवावे.' त्याला उत्तर आले नव्हते. पण त्याला कोणी हरकतही घेतली नव्हती. हे तुला कोणी शिकविले, असे विचारता तो म्हणाला, आत्याने. त्याची आत्या जिल्हा परिषदेत आयुष्यभर टंकलेखक होती. तोंडी हुकूम झाला की त्याची टिपणी करून फायलीला लावायची, हा तिचा नेम. नोकरीवर जाण्याच्या आदल्या दिवशी तिने भाच्याला पेढ्यांबरोबर हे सांगितले होते.

नोटीस दप्तरी दाखल झाली. मुलगा आजही त्याच शाखेत आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. फोनच्या पडद्याचे छायाचित्र म्हणजे पक्का पुरावा, असा पुष्कळांचा समज आहे. खातेनिहाय चौकशीत पुरावा कायद्याचे नियम काटेकोरपणे लागू होत नाहीत, तेथे त्याचा उपयोग होऊ शकतो. न्यायालयात मात्र संगणकीय नोंदीची प्रत दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेच ठामपणे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे. म्हणून मूळ फोन व मूळ संदेश जपून ठेवावेत. नवा फोन घेतला की जुना मोडीत काढण्याची घाई करू नये.

ज्यांना कार्यालयीन ई-मेलच दिलेला नाही अशी कंत्राटी कामावरची आपली कितीतरी मुले आहेत. सुरक्षा रक्षक, डेटा एंट्रीवाले, घरपोच माल पोचविणारे. त्यांना हुकूम फोनवर आणि दोषही त्यांच्यावरच. त्यांनी निदान आपल्या शब्दांत उलट संदेश लिहावा: 'आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे आज रात्री गेट क्रमांक २ ऐवजी १ वर ड्यूटी करीत आहे.' दोघांमधील संभाषणात आपण लिहिलेले समोरच्याला आपल्या फोनवरून पुसता येत नाही.

भाषेचा प्रश्न राहिला. इंग्रजी चुकेल या भीतीने आपली मुले एकतर लिहीतच नाहीत, नाहीतर कोठून तरी भारदस्त वाक्ये उतरवून घेतात. आता तर यंत्रच पत्र लिहून देते. मदत घेण्यास आमची ना नाही, पण यंत्राला तुमच्या खात्याचा क्रमांक, तारीख आणि साहेबांचा स्वभाव ठाऊक नसतो. पाठविण्यापूर्वी ते स्वतःच्या तोंडाने एकदा मोठ्याने वाचावे. आणि ज्याने मराठीत अर्ज केला त्याला मराठीत उत्तर द्यावयास आपण का लाजावे? अडचण येते ती अक्षरांची. जुन्या फॉन्टात टाइप केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला दिसतो. मराठी युनिकोडमध्येच टाइप करावे, मग कोणत्याही यंत्रावर ते मराठीच दिसते. एसएमएसला मात्र एक मर्यादा आहे. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत लिहिताच ती मर्यादा ७० वर येते आणि त्यात काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. तारेचे दिवस पुन्हा आले म्हणावयाचे!

फसवणुकीबद्दल थोडक्यात. साहेबांच्या नावाने 'ताबडतोब अमुक रक्कम पाठवा, मी बैठकीत आहे, फोन करू नका' असा मेल आला तर नावाकडे पाहू नये, पत्त्याच्या शेपटाकडे पाहावे. बँकांची संकेतस्थळे खरी ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटावर ३१ ऑक्टोबरपर्यंत नेण्यास सांगितले, ते याच कारणासाठी. शंका आली की त्या माणसाला आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण येथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

आमच्या शाखेत त्या डिसेंबरनंतर काउंटरच्या मागच्या भिंतीवर, ग्राहकांना दिसणार नाही अशा जागी, एक पांढरा फळा आला. नियम बदलल्याचा मेल जो कोणी पहिला वाचील त्याने तो एका ओळीत फळ्यावर लिहावयाचा आणि काउंटरवर बसण्यापूर्वी प्रत्येकाने त्याखाली आद्याक्षरे घालावयाची. नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना हे थोडे जुनाट वाटते. सगळे पडद्यावर असताना फळा कशाला, असे ते विचारतात. परवा आम्ही दोन दिवसांच्या रजेनंतर कामावर आलो, तर फळ्यावर एक नवी ओळ होती, तिच्याखाली सात जणांची आद्याक्षरे होती आणि आठवी जागा आमच्यासाठी रिकामी ठेवलेली होती.